भाभाट्रॉन आणि हुकलेले दिवस

भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या आणि होमी भाभांचे नाव धारण करणाऱ्या भाभाट्रॉन या किरणोपचार यंत्राचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो : खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत पहिले यंत्र बसले, पुढे देशातील अनेक रुग्णालयांत ते पोहोचले आणि व्हिएतनामलाही भेट म्हणून गेले. या इतिहासापेक्षा अधिक गुंतवून ठेवणारी गोष्ट यंत्राच्या शिरोभागात, जड धातूच्या कवचाआड असते. अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून साध्या कोबाल्टपासून बनवलेला कोबाल्ट-६० तेथे अखंड गॅमा किरण सोडत असतो. हा स्रोत विझवता येत नाही. उपचारापुरता तो झरोक्यासमोर सरकवायचा आणि लगेच कवचात परत न्यायचा, एवढेच माणसाच्या हाती असते. त्याची तीव्रता ५.२७ वर्षांत निम्मी होते, म्हणजे दर महिन्याला सुमारे एक टक्क्याने घटते, आणि तेवढ्या प्रमाणात प्रत्येक रुग्णाला यंत्राखाली अधिक वेळ ठेवावे लागते.

किरणांमुळे गाठ जळून जाते, हा समज चुकीचा आहे. ऊतकाच्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा एक ग्रे मानतात. एवढ्या मात्रेने प्रत्येक पेशीतील डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर सुमारे ४० ठिकाणी तुटी पडतात. यांतील बहुतेक तुटी पेशी दुरुस्त करते, पण काही चुकीच्या जुळतात आणि पुढच्या विभाजनाच्या वेळी पेशी कोलमडते, म्हणूनच उपचार संपल्यावरही गाठ काही आठवडे दिसत राहू शकते. निरोगी पेशींना दुरुस्तीसाठी अवधी मिळावा आणि गाठीच्या प्राणवायूअभावी चिवट बनलेल्या गाभ्यापर्यंत पुन्हा प्राणवायू पोहोचावा, यासाठी मात्रा सामान्यतः रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशी विभागून देतात.

या विभागणीतच खरी मेख आहे. रॉडनी विदर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये डोके व मानेच्या कर्करोगांविषयी दाखवून दिले की सुमारे चार आठवड्यांनंतर तगलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात आणि केवळ ही वाढ निष्प्रभ करण्यासाठी दररोज सुमारे ०.६ ग्रे खर्ची पडतात. या हिशेबाने त्या टप्प्यावर आठवडाभराचा खंड पडला, तर दोन सत्रांहून अधिक मात्रा वाया जाते. तंबाखूमुळे मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने असलेल्या महाराष्ट्रात हा आकडा प्रत्येक किरणोपचार विभागाच्या भिंतीवर असायला हवा.

किरणांमुळे रोग पसरतो का, ही शंकाही निराधार नव्हे. उंदरांवरील काही प्रयोगांत मूळ गाठ किरणांनी नष्ट केल्यावर फुप्फुसांतील सुप्त गाठी वाढल्या, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या रोखणारे द्रव्य मूळ गाठच स्रवत होती. रुग्णांतील अनुभव मात्र बहुतांशी उलटा आहे : स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतरच्या किरणोपचाराने रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण घटते. अर्धवट उपचारातून वाचून पुन्हा फोफावलेली गाठच प्रसाराचे अधिक मोठे उगमस्थान ठरते.

म्हणूनच खंडांची चिंता करावी लागते. तोंड सोलवटल्यामुळे अन्न गिळता येत नाही, गावाहून आलेल्या कुटुंबाला शहरात सहा-सात आठवडे राहणे परवडत नाही, आणि कधी यंत्रच बंद पडते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने विकसनशील देशांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डोके व मानेच्या कर्करोगांवरील चाचणीत आठवड्याला पाचऐवजी सहा सत्रे दिल्यावर पाच वर्षांनंतरचे स्थानिक नियंत्रण ३० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. महागडे नवे औषध न वापरता मिळालेला हा लाभ मोठाच म्हणावा लागेल. पण सहावे सत्र यंत्राचा वेळ मागते, आणि स्रोत जुना झालेल्या रुग्णालयात एका रुग्णाची मिनिटे दुप्पट झालेली असल्याने दिवसाची रांग आधीच संपत नसते. स्रोत बदलायचा तर नियामक मंडळाची परवानगी, अवजड पेटीतून वाहतूक आणि यंत्र बंद ठेवण्याचे दिवस आले, म्हणजे उपचार सुरू असलेल्यांना पुन्हा खंड. हुकलेले सत्र भरून काढण्यासाठी एकाच दिवशी, निरोगी ऊतकांच्या दुरुस्तीकरिता किमान सहा तासांचे अंतर ठेवून, दोन सत्रे देता येतात. मात्र त्यांसाठी लागणारी जादा मिनिटेही त्याच क्षीण झालेल्या स्रोताकडून काढावी लागतात.