हबशी किल्लेदार, दादरची भाकरी आणि ‘आपला काय संबंध?’

पदवीच्या प्रवेशाचे दिवस आले की मुलं आणि पालक मायनर विषयांची यादी घेऊन फिरायला लागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाच्या जोडीला एक दुय्यम विषय घ्यायचा असतो. अशा वेळी एखादी मुलगी म्हणाली, की मला आफ्रिकेचा आणि आफ्रिकेबाहेर पसरलेल्या आफ्रिकी समाजांचा अभ्यास करायचाय, तर जळगाव असो की धुळे, उत्तर ठरलेलं: ‘कुठे आफ्रिका, कुठे खान्देश! आपला काय संबंध?’ शिकल्यासवरल्या लोकांकडून, इतिहासाचे तास घेणाऱ्यांकडूनही हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग आवरावा लागतो.

संबंध ताटातच आहे. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत हे आपलं मिरवायचं जेवण. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. उडीद इथला, वांगंही इथलं, ज्वारी आफ्रिकेची. पूर्व सुदानातल्या खापरांमध्ये ज्वारीच्या टरफलांचे ठसे सापडले. ते इसवीसनपूर्व चौथ्या सहस्रकातले आहेत आणि माणसाने लागवडीखाली आणलेल्या ज्वारीचा तो सर्वांत जुना पुरावा आहे, असं 2017 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातली, आजच्या माली देशाच्या बाजूची. चवळीही आफ्रिकेचीच. ही पिकं साधारण चार हजार वर्षांपूर्वी भारतात पोचली आणि इथल्या काळ्या मातीत अशी रुजली, की आपली दादर ज्वारी परदेशातून आली असं सांगितलं तर शेतकरी तुम्हालाच वेड्यात काढेल. (रावेर-यावलची केळी मात्र आग्नेय आशियाकडची. सगळंच आफ्रिकेच्या खात्यावर टाकायचं कारण नाही.)

ही देवाणघेवाण अजून थांबलेली नाही. जळगावची डाळ प्रसिद्ध आहे. पण त्या व्यापारात आफ्रिकेच्या तुरीचे भाव का विचारले जातात, हे कधी पाहिलंय? मोझांबिकची तूर बाजारात ‘गजरी’ म्हणून ओळखली जाते, टांझानियाची ‘अरुषा’ म्हणून. 2016 साली भारताने मोझांबिकशी डाळींच्या आयातीचा करार केला. 2020-21 पर्यंत वर्षाला 2 लाख टनांपर्यंत जाण्याचं उद्दिष्ट होतं. गंमत म्हणजे तूर मूळची भारताची. ती तिकडे गेली, आणि आता पोती भरून परत येते. तेव्हा ‘हे शिकून नोकरीला काय उपयोग’ असं विचारणाऱ्यांनी आधी एखाद्या आयातदाराला गाठावं.

आता इतिहास. इथे चीड येते ती आपल्याच किल्ल्याची आपल्याला माहिती नसल्याची. थाळनेर आणि पुढे बुऱ्हाणपूर ही राजधानी असलेलं फारुकी घराणं खान्देशावर दोनशेहून जास्त वर्षं राज्य करत होतं. 1600 मध्ये अकबराने या राज्याच्या शेवटच्या आधाराला, बुऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडाला वेढा घातला. सुलतान बहादूरशाह बोलणी करायला खाली उतरला आणि अडकवला गेला. गड तरीही लढत राहिला, कारण त्याचा किल्लेदार हार मानायला तयार नव्हता. हा किल्लेदार हबशी होता, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचा. त्याचा मुलगा मुकर्रबखान अकबरापुढे गेला आणि मारला गेला. किल्लेदाराने शरण जाण्याऐवजी स्वतःचा जीव घेतला. जानेवारी 1601 मध्ये गड पडला. ज्यांना शंका असेल त्यांनी जेझुइट पाद्र्यांचा वृत्तांत पाहावा; व्हिन्सेंट स्मिथने 1917 च्या अकबर-चरित्रात त्याचाच आधार घेतलाय. मुघल दरबारी बखरकार गड पडण्याची कारणं वेगळी देतात. पण स्वतंत्र खान्देशाचा शेवटचा किल्ला एका आफ्रिकी माणसाने झुंजवला, हे आपल्या किती मुलांना सांगितलं जातं?

हे सांगितलं की लोक दुसरी बाजू धरतात: ‘असतील हबशी, पण गुलामच ना?’ हो, विकत घेतलेली माणसं होती. ते झाकायचं कारण नाही. पण दख्खनमधली लष्करी गुलामी आणि अमेरिकेतल्या उसाच्या, कापसाच्या मळ्यांवरची गुलामी यांत मोठा फरक होता. इथे मालक मेल्यावर, किंवा मर्जी बसल्यावर, माणूस मोकळा होऊन सरदार होऊ शकत असे. मलिक अंबर इथिओपियात 1548 च्या सुमारास जन्मला. मूळ नाव चापू. अनेक हात बदलत तो अहमदनगरला निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे आला. हा चंगेजखानसुद्धा हबशीच! पुढे अंबरने निजामशाही सावरली, 1610 मध्ये खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं, आणि दक्षिणेतला मुघलांचा मुख्य तळ असलेल्या बुऱ्हाणपूरच्या नाकी नऊ आणले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याच्या काही वर्षं आधी चिडलेल्या बादशहा जहांगिराने अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतोय असं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. अंबर 1626 मध्ये नैसर्गिक मरणाने गेला. कबर खुलताबादला आहे. रिचर्ड ईटनच्या दख्खनच्या सामाजिक इतिहासावरच्या पुस्तकात (2005) त्याच्यावर एक अख्खं प्रकरण आहे.

बाकीचे गैरसमज पटकन. आफ्रिका हा एक देश नाही. तिथले 54 देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत. ‘तिकडे लिपी नव्हती’ म्हणणाऱ्यांनी इथिओपियाची गीझ लिपी किंवा टिंबक्टूची हस्तलिखितं निदान फोटोत बघावीत. सिद्दी, म्हणजे भारतातले आफ्रिकी वंशाचे लोक, फक्त जंजिऱ्याला नसतात; उत्तर कन्नड जिल्ह्यात कोंकणी बोलणारे सिद्दी आहेत, आणि गुजरातेत भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरला त्यांचं बावा गोर हे श्रद्धास्थान आहे. समुद्रापार गेलेले आफ्रिकी म्हणजे केवळ अमेरिकेतले, हेही खरं नाही. हिंदी महासागरावरून इकडे आलेल्यांचा इतिहास अमेरिकेच्या शोधापेक्षा जुना आहे.

आता व्यवहाराचं. दिल्ली विद्यापीठात आफ्रिका-अभ्यास विभाग 1955 पासून आहे, मुंबई विद्यापीठात 1971 पासून केंद्र आहे. आपल्या कॉलेजच्या यादीत हा विषय नसेल तर इतिहास किंवा भूगोल मायनर घ्या आणि प्रकल्प याच्यावर करा: अशीरगडाचा वेढा, जळगावच्या बाजारातली आफ्रिकी तूर, खान्देशातल्या ज्वारी-बाजरीचा प्रवास. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जुनी कागदपत्रं कशी वाचतात ते शिकून घ्या. आणि मार्गदर्शक शोधताना मलिक अंबरचं नाव काढून बघा. जो ‘तो तर औरंगाबादचा’ म्हणून विषय संपवेल, त्याला सोडून दुसरा गाठा.