भाकरीचा तवा आणि बंदुकीची गोळी

तवा भाकरी भाजण्यासाठी असतो, हे कोणाला शिकवावे लागत नाही. पण वर्ध्यात, हिंगणघाटात किंवा आर्वीकडच्या एखाद्या खेड्यात मोबाईलवर खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला विचारून पाहा. तो सांगेल की, तवा बंदुकीची गोळी अडवतो! आईला हसू येईल, आजी कपाळाला हात लावील. मुलगा मात्र खोटे बोलत नसतो. त्याच्या खेळात तसे खरोखरच घडते.

आज घराघरांत मोबाईल पोचला आहे आणि त्याच्याबरोबर खेळही. 'दिवसभर त्यातच डोके खुपसून बसतो,' ही पालकांची तक्रार रास्त आहे. परंतु मुले त्या खेळात काय पाहतात, काय उचलतात आणि कशाला किंमत देतात, हे समजून न घेता नुसते रागावून काही साधत नाही. म्हणून आज या पानावर आम्ही त्या खेळांतील वस्तूंविषयी बोलणार आहोत. वस्तू अगदी आपल्या घरातल्याच आहेत. तवा, बादली, मडके, हातोडा आणि नळाचा पाईप!

तव्याची कीर्ती

'पबजी' हे नाव न ऐकलेला पालक आता विरळाच. आयर्लंडचे ब्रेंडन ग्रीन यांनी दक्षिण कोरियातील कंपनीबरोबर हा खेळ तयार केला. 2017 साली तो संगणकावर आणि 2018 साली मोबाईलवर आला. शंभर खेळाडू एका ओसाड मुलखात उतरतात, रिकाम्या घरांतून मिळेल ती वस्तू उचलतात आणि शेवटपर्यंत जो टिकतो तो जिंकतो. बंदुका, औषधे, पाठपिशव्या यांच्याबरोबर तिथे एक दांड्याचा तवाही पडलेला असतो. हातात घेतला तर तो मारायला उपयोगी पडतो. कमरेला अडकवला तर मागून आलेली गोळी त्यावर आपटून परत फिरते. गोळ्या लागून अंगावरचे चिलखत झिजते, डोक्यावरचे शिरस्त्राण फुटते, तवा मात्र शाबूत राहतो. पुढे त्याची कीर्ती एवढी वाढली की, या खेळाच्या मोठ्या स्पर्धांत विजेत्यांना सोनेरी तव्याचे पारितोषिक देण्यात आले.

2 सप्टेंबर 2020 रोजी भारत सरकारने 118 मोबाईल ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी होता. जुलै 2021 मध्ये कोरियन कंपनीने भारतासाठी 'बीजीएमआय' नावाची वेगळी आवृत्ती आणली. जुलै 2022 मध्ये तीही हटवली गेली आणि मे 2023 मध्ये परत आली. एवढी उलथापालथ झाली, पण तवा काही खेळातून गेला नाही.

नळकामगार नायक

घरगुती वस्तूला असा मान मिळण्याची ही पहिली वेळ नव्हे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीतील शिगेरू मियामोतो यांनी 1981 साली एका खेळासाठी हातोडा घेतलेला एक सुतार रंगवला. तोच पुढे मारिओ नावाचा नळकामगार झाला. 1985 सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळातले त्याचे हिरवे पाईप जगभर ओळखले जातात. त्या काळच्या यंत्रावर चित्र फार थोड्या ठिपक्यांत काढावे लागे. केस काढणे अवघड म्हणून त्याला टोपी दिली, तोंड काढणे अवघड म्हणून मिशी दिली. 2016 साली रिओ ऑलिम्पिकच्या समारोपाला जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे मारिओच्या वेशात हिरव्या पाईपमधून बाहेर आले. एका देशाचा पंतप्रधान नळकामगाराची टोपी घालून जगासमोर उभा राहिला, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते.

1998 साली अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने 'हाफ-लाइफ' हा खेळ काढला. त्याचा नायक गॉर्डन फ्रीमन हा भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत अपघात होतो, सगळी यंत्रे बंद पडतात, तेव्हा त्याच्या हाती लागते ती कटावणी. खोक्यांचे खिळे उपटायची वाकड्या तोंडाची साधी लोखंडी सळई! बंदुका त्याला नंतर मिळतात. पण आज त्या खेळाची खूण म्हणून लोक कटावणीच दाखवतात. शिकलेला माणूस आणि कामगाराचे अवजार एकाच चित्रात आले आणि लोकांनी ते चित्र डोक्यावर घेतले.

साधीच वस्तू का निवडतात?

यामागे एक व्यावहारिक कारण आहे. खेळ तयार करणाऱ्याला प्रत्येक गोष्ट समजावून सांगत बसता येत नाही. शिडी दिसली की चढायचे, किल्ली दिसली की कुलूप शोधायचे, बादली दिसली की पाणी भरायचे, हे लहान मूलही जाणते. वस्तूच खेळाडूला सांगते की माझे काम काय. म्हणूनच जपानच्या 'झेल्डा' मालिकेत मडके दिसले की खेळाडू ते फोडून पाहतो, कारण मडक्यात काहीतरी साठवलेले असते.

'माइनक्राफ्ट' या खेळात तर वस्तू करणे हाच खेळ आहे. स्वीडनच्या मार्कुस पर्सन यांनी तो सुरू केला. 2011 साली तो पूर्ण रूपात आला आणि 2023 पर्यंत त्याच्या 30 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. सुरुवातीला खेळाडूच्या हातात काहीही नसते. झाड तोडायचे, लाकडाच्या फळ्या करायच्या, फळ्यांचे कामाचे मेज करायचे. दोन काठ्या आणि तीन दगड मिळून कुदळ तयार होते. एक काठी आणि एक कोळसा यांच्या चार मशाली होतात. लोखंडाचे तीन तुकडे मिळाले की बादली. फुकट काहीच मिळत नाही. प्रत्येक वस्तूमागे माती, लाकूड आणि श्रम आहेत, हे खेळता खेळता मुलाच्या डोक्यात बसते.

अशा बहुतेक खेळांत एक पिशवी असते. सापडलेली वस्तू तिच्यात टाकायची. पिशवी भरली की काहीतरी टाकून दिल्याशिवाय नवे घेता येत नाही. आपल्या जिल्ह्यातील मुलाला ही पिशवी समजावून सांगायची गरज नसावी. हंगामात कमरेला झोळी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया त्याने पाहिलेल्या असतात. झोळी भरली की धुऱ्यावर रिकामी करायची, संध्याकाळी वजन करायचे आणि किलोच्या भावाने मजुरी घ्यायची. पडद्यावरची पिशवी बोटाने भरते, ही झोळी कंबर मोडून भरते. हा फरक मुलांना सांगणे आपले काम आहे.

वस्तू तीच, हात वेगळा

वस्तू लहान की मोठी, हे वस्तूवर ठरत नाही. ती कोणी कोणाच्या हातात दिली आणि कशासाठी दिली, यावर ठरते. वर्धेकरांनी हे जवळून पाहिले आहे. 1929 साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. 1938 साली वर्ध्यात सुरू झालेल्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगाची अवजारे आणि तऱ्हेतऱ्हेचे चरखे मांडलेले आहेत. घरात सूत काढायचे साधन काँग्रेसच्या झेंड्यावर गेले. पुढे 22 जुलै 1947 रोजी घटना समितीने राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले.

दुसरे उदाहरण आपल्या काळजाजवळचे आहे. झाडू आणि गाडगे यांच्याइतक्या साध्या वस्तू त्या कोणत्या? पण पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्यांना आपल्या पावलांची माती पुसण्यासाठी कमरेला झाडू आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये लिहून ठेवले आहे. त्याच दोन वस्तू शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी स्वतःच्या इच्छेने उचलल्या आणि गावोगाव माणसांची घाण व मने झाडली. वस्तू बदलली नाही. एका ठिकाणी ती लादलेली होती, दुसऱ्या ठिकाणी निवडलेली.

खेळाच्या पडद्यावर पडलेला तवा जो जवळ जाईल त्याचा. उचलणाऱ्याला त्याचे घराणे कोणी विचारत नाही. मुले ही मोकळीक रोज अनुभवतात. ती मोकळीक पडद्यापुरतीच राहू नये. बाहेरच्या जगातही कोणते अवजार, कोणते पुस्तक, कोणते काम हाती घ्यायचे, ते आपणच निवडायचे, एवढी हिंमत त्यांच्यात आली पाहिजे.

आपल्या वस्तू कुठे आहेत?

कॅनडातील टोरोंटो शहरात अभि नावाच्या तामिळ तरुणाने काही सहकाऱ्यांना घेऊन 2023 साली 'वेण्बा' हा खेळ काढला. 1980 च्या दशकात कॅनडात गेलेल्या तामिळ कुटुंबाची ती कथा आहे. त्यात बंदूक नाही. आईने दिलेली पाककृतींची जुनी वही फाटलेली आहे आणि खेळाडूने अंदाज बांधून पदार्थ करायचा आहे. इडलीपात्रातील ताटल्या कशा रचल्या म्हणजे वाफ सर्वांना लागेल, हे त्यातले कोडे! या खेळाला 2024 साली ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचा पदार्पणातील उत्कृष्ट खेळाचा पुरस्कार मिळाला. आईच्या स्वयंपाकघरातले भांडे जगाच्या मंचावर गेले.

महाराष्ट्रातही काम सुरू झाले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली 'राजी' हा खेळ आणला. भावाला शोधणारी मुलगी त्याची नायिका आहे, मात्र तिची हत्यारे पुराणातली आहेत, घरातली नव्हेत. नवी मुंबईच्या विकास जयस्वाल यांच्या कंपनीने 2016 साली 'लुडो किंग' काढला आणि तो कोट्यवधी मोबाईलवर पोचला. लुडो म्हणजे आपल्या पचिशीचेच इंग्रजी रूप, 1896 साली इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले गेले. आपल्या आज्या फरशीवर खडूने घरे आखून चिंचोक्यांनी खेळत आल्या, त्या खेळाचे हे चुलत भावंड आहे.

आता विचार करा. सूप, जाते, पाटा-वरवंटा, तिफण, डवरा, कापसाची झोळी या वस्तू अजून कोणत्या गाजलेल्या खेळात आमच्या पाहण्यात नाहीत. सुपाने दाण्यातून खडा वेगळा होतो, तिफणीने एकाच वेळी तीन ओळी पेरल्या जातात. खेळाला लागणारे गुण यात भरपूर आहेत. ज्याने या वस्तू हाताळल्या, तोच त्या खेळात आणील. शहरातल्या कंपनीला त्या सुचणार नाहीत.

पैशांपासून सावध

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. तव्याला नवा रंग, नवी नक्षी देण्यासाठी हे खेळ पैसे मागतात. रंग बदलतो, तव्याचा गुण तोच राहतो. काही वेळा तर पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर! बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 साली अशा पेट्या जुगारात मोडतात, असे ठरवले. आपल्याकडे संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. परंतु तव्याच्या रंगासाठी आईच्या मोबाईलवरून गेलेले दोनशे रुपये कायदा परत आणून देणार नाही. बँकेचा गुप्त क्रमांक मुलांच्या हाती देऊ नका. आणि पैसे का द्यायचे नाहीत, तेही समजावून सांगा. रंगाने तवा बळकट होत नाही, हे मुलाला लगेच पटेल, कारण तव्याची पारख त्याला आहेच!

एक रविवार मुलांबरोबर

पालकांना आमची सूचना सोपी आहे. एखाद्या रविवारी मुलामुलींना घेऊन बसा. घरातील दहा वस्तू वहीत लिहायला सांगा. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात. ही वस्तू कशाची आणि कोणी केली? रोज तिच्याशी कोण काम करते? खेळात आणली तर तिला कोणती शक्ती द्याल? आजीला विचारल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, आणि आईचे नाव लिहिल्याशिवाय दुसऱ्याचे!

ज्या मुलाला गोडी वाटेल त्याने पुढे जावे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 2007 साली आणलेले 'स्क्रॅच' मोफत आहे. चित्रांचे ठोकळे जोडून मुले त्यावर स्वतःचा खेळ तयार करू शकतात. शाळेतील संगणकावर आठवड्यातून एक तास मिळाला तरी सुरुवात होते. यात मुलींना मागे ठेवू नका. स्वयंपाकघरातील वस्तूंची खरी माहिती आपण त्यांच्याच माथी मारलेली आहे, मग त्या माहितीचा खेळ करण्याचा पहिला हक्कही त्यांचाच.

आणि चिरंजीवांना एक विनंती. पडद्यावर ज्या तव्याने तुमचा जीव दहा वेळा वाचवला, तो तवा घरात मोरीवर खरकटा पडला आहे. तो उठून घासा. तेही वीराचेच काम आहे!