बारावीच्या मुलाकडे मागितला जाणारा आजोबांचा कागद

बारावीच्या वर्षाचा ताण म्हटला की क्लासची फी, गुणांची चढाओढ आणि समुपदेशकांचे सल्ले यांचीच चर्चा होते. हा ताण खोटा नाही. परंतु ताडीवाला रोड, येरवडा, बोपोडी, दांडेकर पूल, जनता वसाहत या पुण्यातील वस्त्यांमधल्या मुलांना त्याच वर्षी आणखी एक परीक्षा द्यावी लागते. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ती परीक्षा कागदांची आहे. परीक्षार्थी मुलगा, पण उत्तरे मागितली जातात त्याच्या आजोबा-पणजोबांची!

अभियांत्रिकी, वैद्यकीय, विधी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर नुसत्या जातीच्या दाखल्यावर भागत नाही. जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र, म्हणजे मुलांच्या भाषेत 'व्हॅलिडिटी', लागते. ते ठरलेल्या मुदतीत हाती आले नाही तर मुलगा खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात पडताळणी कायद्यातील कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. त्या दिवशी आपले पूर्वज कोठे राहत होते, याचा पुरावा आज सतरा वर्षांच्या मुलाने शोधायचा.

हे पुरावे आमच्या समाजाकडे कोठून असणार? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून अनेक कुटुंबे नुसत्या गाठोड्यानिशी पुण्यात आली. त्यांच्या नातवाला दाखल्यासाठी मूळ तालुक्याला जावे लागते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा निघत नाही. मग तहसील कचेरीत कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. निजामाच्या राजवटीतले कागद उर्दूत असतात, त्यांचे भाषांतर करून घ्यायचे. बापाचा कामावर खाडा पडतो, आईला घरकामाच्या चार घरी रजा मागावी लागते आणि मुलगा सीईटीची पुस्तके पिशवीत घेऊन एसटीत बसतो. समुपदेशक सांगतात, मन शांत ठेवा. मन शांत राहावे कसे?

बौद्ध कुटुंबांपुढे याहून मोठा पेच आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वाडवडिलांनी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर अभिमानाने फक्त 'बौद्ध' असे लिहिले. राज्याने १९६० पासून आणि केंद्राने १९९० मध्ये बौद्धांच्या सवलती मान्य केल्या. परंतु आरक्षणासाठी पूर्वाश्रमीची जात दाखवणारा कागद आजही लागतो. जी जात बापजाद्यांनी टाकून दिली, तीच नातवाला सिद्ध करावी लागते. ज्या महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, त्या वतनाच्या नोंदी आज पुणे-सातारा भागात पुरावा म्हणून शोधाव्या लागतात.

म्हणून पडताळणीच नको काय? तसे आम्ही म्हणणार नाही. बोगस दाखल्यांवर आमच्याच मुलांच्या जागा पळवल्या जातात. अशा खोट्या दाव्यावर मिळवलेला प्रवेश किंवा नोकरी टिकणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केले. पडताळणी ही आमच्या हक्काची राखण आहे. प्रश्न आहे तो एवढाच की तिचा बोजा नेमका बारावीच्या वर्षात मुलाच्या डोक्यावर का यावा?

कायद्यालाही हे अपेक्षित नाही. माधुरी पाटील प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पडताळणीचा अर्ज प्रवेशाच्या किमान सहा महिने आधी द्यावा. वकिली करताना आम्ही मात्र पाहतो की पालक निकाल लागल्यावर, जूनमध्ये धावत येतात. तोवर एजंटांचे दर चढलेले असतात.

पालकांनी काही गोष्टी आजच कराव्यात. मुलगा किंवा मुलगी शाळेत असतानाच जनरल रजिस्टरवरील जातीची नोंद पाहावी आणि चुकली असेल तर शाळा सोडण्याआधी दुरुस्त करून घ्यावी. दहावीच्या सुट्टीत जातीचा दाखला काढावा. अकरावीत प्राचार्यांचे पत्र, वंशावळीचे शपथपत्र आणि जुने पुरावे जोडून बार्टीच्या संकेतस्थळावरून अर्ज भरावा. वडील, सख्खे काका, आत्या, चुलत भाऊ यांपैकी कोणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर ती अवश्य जोडावी. वडिलांकडील रक्तनात्यातील वैधतेला समितीने सहसा मान दिला पाहिजे, असा मुंबई उच्च न्यायालयाचा अपूर्वा निचळे प्रकरणातील २०१० चा निर्णय आहे. अर्ज फेटाळला तर कारणांसह लेखी आदेश घ्यावा. त्याविरुद्ध दाद उच्च न्यायालयातच मागता येते, म्हणून वेळ दवडू नये.

फीचीही तजवीज आधी करावी. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतील जागा १७,५०० रुपये मुदतीत भरता न आल्याने गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ३० सप्टेंबर २०२४ रोजी परत मिळवून दिली. परंतु प्रत्येक गरिबाचे पोर दिल्लीपर्यंत पोहोचत नाही. वस्तीतील कमावत्या मंडळींनी अशा वेळेसाठी छोटा निधी जमवून ठेवला तर किती जागा वाचतील!

शासनाकडे आमची मागणी साधी आहे. आठवी-नववीतच शाळेमार्फत पडताळणीचे अर्ज घ्यावेत आणि जुन्या नोंदी शोधण्याचे काम तहसील कचेरीने स्वतः करावे. नोंदी शासनाच्या कपाटात, मग हेलपाटे मुलाने का घालावेत?

तोपर्यंत विहारांनी हे काम हाती घ्यावे. रविवारच्या वंदनेनंतर तासभर एक टेबल मांडावे. वस्तीतील वकील, शिक्षक, निवृत्त कारकून यांनी तेथे बसून अकरावीच्या मुलांचे कागद तपासावेत. त्यासाठी ना देणगी लागते ना मंडप. आमच्या मुलांना बारावीच्या वर्षात फक्त बारावीचाच अभ्यास करता यावा, एवढी सोय आपण सर्वांनी मिळून नक्की करू शकतो.