अतिदक्षतेनंतरचे बालपण

२७ ऑगस्ट १९५२. कोपनहेगनच्या ब्लेग्डॅम रुग्णालयात पोलिओने श्वास कोंडलेली बारा वर्षांची विवी एबर्ट शेवटच्या घटका मोजत होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छेद देऊन बसवलेल्या नळीतून, रबरी पिशवी हाताने दाबत, तिचा श्वास चालू ठेवला. त्या साथीत पुढे सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने अशा पिशव्या दाबून रुग्ण जगवले. अतिदक्षता विभागाची कल्पना यातूनच आकाराला आली. या कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचित सांगितला जातो. विवी १९७१ पर्यंत जगली, पण हातपाय लुळे पडलेले आणि श्वास यंत्राच्या आधाराने.

जीव वाचणे आणि बरे होणे यांतले अंतर मोजायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. विभागाचे यश ठरे ते मृत्यूच्या आकड्यावरून. २०१८ मध्ये जोसेफ मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी एक चौकट मांडली. तिच्यात शरीर, बुद्धी, भावना आणि सामाजिक जीवन अशी चार अंगे आहेत, आणि आईवडील व भावंडेही त्यात धरलेली आहेत.

खाटेवर पडून स्नायू झिजतात, हे डोळ्यांना दिसते. वर्गात लक्ष न लागणे, रात्री दचकून उठणे हे मात्र 'हट्टीपणा' किंवा 'लाड' म्हणून खपून जाते. लंडनमध्ये गिलियन कॉल्व्हिल यांनी १०२ मुलांशी बोलून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. जवळपास एक तृतीयांश मुलांना तिथल्या भासांच्या आठवणी होत्या, म्हणजे प्रत्यक्षात न घडलेल्या, पण त्यांच्या लेखी खऱ्या. गुंगीची औषधे जास्त काळ मिळालेल्यांत असे भास अधिक आढळले, आणि ज्यांना भास झाले त्यांच्यात आघातोत्तर ताणाची लक्षणेही जास्त होती.

मोठा माणूस आजारातून उठला की 'पूर्वीसारखा' झाला का, असे आपण विचारतो. मुलाच्या बाबतीत हा प्रश्नच अपुरा पडतो. ते वाढत असते. ते खाटेवर असताना सवंगडी पुढे गेलेले असतात. म्हणून त्याला मागे परतायचे नसते, सुटलेले अंतर कापून पुढे जायचे असते.

आपल्याकडे 'वाचला ना, आता तो विषय नको' असे म्हणण्याची रीत आहे. त्यामागे माया असते, पण मूल आपल्या भासांबरोबर एकटे पडते. काही देशांत परिचारिका आणि नातेवाईक खाटेशेजारी रोजनिशी लिहितात. पुढे ती वाचताना हरवलेले दिवस जुळतात, भास कोणता आणि घडले काय हे उमगते.

घरी सोडल्याचा कागद हातात पडतो तेव्हा रुग्णालयाचे काम संपते. शाळेचे, घराचे आणि पाठपुरावा करणाऱ्या डॉक्टरांचे काम तिथून सुरू व्हायला हवे.