वॉचमनच्या हातात नेमकं काय असतं?

सोसायटीच्या गेटवर एक पाटी हमखास असते : 'परवानगीशिवाय आत येणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' पाटीत गैर काही नाही. पण तिच्या जोरावर वॉचमननं काय काय करावं याबद्दल कमिटीच्या मीटिंगमध्ये जी ठाम विधानं होतात, त्यांतली बरीचशी कायद्यात बसत नाहीत. आणि ती अंगाशी आली की तक्रारीत पहिलं नाव लागतं ते बारा तासांची ड्युटी करणाऱ्या गार्डचं.

'हद्दीत शिरला म्हणजे गुन्हा झाला' हे त्यातलं सर्वांत लाडकं विधान. भारतीय न्याय संहितेचं कलम 329 असं म्हणत नाही. गुन्हा करण्याच्या, किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूनं शिरणं हा गुन्हा आहे. 'मथरी विरुद्ध पंजाब राज्य' या साठच्या दशकातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी नेमकं केलं : शिरल्यामुळे कुणाला त्रास झाला एवढं पुरेसं नाही, त्रास देणं हाच शिरण्याचा उद्देश असायला हवा. त्यामुळे चुकीच्या विंगेत आलेला डिलिव्हरी बॉय किंवा बॉल आणायला भिंतीवरून उडी मारलेला पोरगा गुन्हेगार ठरत नाही. त्याला विचारावं आणि गेटपर्यंत सोडावं, विषय संपला. मात्र रीतसर आत आलेला माणूसही वरच्यासारख्या हेतूनं ठाण मांडून बसला, तर तो याच कलमात येतो. म्हणून 'आता बाहेर व्हा' हे स्पष्ट शब्दांत, शक्यतो साक्षीदारासमोर सांगणं महत्त्वाचं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राहत्या घरात शिरल्यास कैद एक वर्षापर्यंत.

खरी गडबड होते ती 'पोलीस येईपर्यंत केबिनमध्ये कोंडून ठेव' या हुकमानं.

खाजगी गार्डला पोलिसाचे अधिकार नसतात. अटकेच्या बाबतीत तो तुमच्याआमच्यासारखा सामान्य नागरिक. नागरिकाला अटक करता येते ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 खाली, म्हणजे फरारी घोषित झालेला गुन्हेगार असेल, किंवा डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र असा गुन्हा घडत असेल तर. नुसतं बेकायदा शिरणं दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. म्हणजे पोलीस त्याला पकडू शकतात, गार्ड नाही. 'काल सीसीटीव्हीत दिसलेला तोच हा' असं म्हणूनही धरता येत नाही, कारण गुन्हा समोर घडलेला नाही.

चोरी करायला घरात शिरलेल्याची गोष्ट वेगळी. तो गुन्हा अजामीनपात्र आहे, तिथे गार्ड त्याला धरू शकतो. धरल्यावर विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. ही सहा तासांची मर्यादा 1 जुलै 2024 पासून आली. जुन्या कायद्यात नुसतं 'अनावश्यक विलंब न लावता' एवढंच होतं. नव्या कायद्यानं 5,000 रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी मात्र अदखलपात्र आणि जामीनपात्र करून टाकली. आता रात्री दोन वाजता पार्किंगमध्ये बॅटरी काढणारा सापडला, तर गार्डनं आधी तिची किंमत काढायची का? कायदा करणाऱ्यांनी गेटवर उभं राहून विचार केला नसावा. तरी चोर माल घेऊन निसटण्याआधी त्याच्या हातून तो परत घेणं ही मालमत्तेच्या बचावात मोडणारी, सरळ कायदेशीर गोष्ट आहे.

अधिकार नसताना केबिनला कडी घातली, तर ते बेकायदा डांबून ठेवणं झालं : न्याय संहितेचं कलम 127, एक वर्षापर्यंत कैद. 'कबूल कर' म्हणत मारहाण केली, तर कलम 120 खाली सात वर्षांपर्यंत जाऊ शकतं. बॅग किंवा खिसे तपासायचे ते समोरच्याच्या संमतीनंच.

हे ऐकून लोक दुसऱ्या टोकाला जातात : 'मग गार्डनं नुसतं बघत बसायचं का?' तेही चूक. कलम 34 ते 44 मधला बचावाचा हक्क दुसऱ्याच्या मालमत्तेसाठीही वापरता येतो. त्रास द्यायला शिरलेला, सांगून न जाणारा माणूस दंड धरून गेटबाहेर काढणं यात बसतं. कलम 37 दोन मर्यादा घालतं. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. रिकाम्या हातानं पळणाऱ्याचा पाठलाग करून काठीनं झोडपणं हा बचाव नव्हे.

'माझ्या जागेत मी काहीही लावीन' या समजुतीचा निकाल तर 1963 मध्येच लागलेला आहे. 'चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य'. शेजारच्या घराच्या शौचालयाची भिंत पडली, म्हणून तिथली माणसं न विचारता आरोपीचं शौचालय वापरू लागली. सांगून ऐकेनात, तेव्हा त्यानं वाटेत उघडी तांब्याची तार बांधून घरातल्या विजेचा प्रवाह सोडला. सावधानतेची सूचना कुठेच नाही. तिला हात लागून शेजारची बाई गेली. बचावाचा हक्क न्यायालयानं मानला नाही : बेकायदा आलेला माणूसही कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम झाली. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात करंट सोडणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

गणवेशाबद्दल थोडक्यात. खाकी रुबाब म्हणून गार्डला पोलिसासारखा वेश देणाऱ्या एजन्सीच्या मालकाला आणि तो घालणाऱ्या गार्डला, दोघांनाही, 2005 च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याच्या कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि फोनवरून 'सोडू नकोस, दोन ठेवून दे' असं फर्मावणारे सेक्रेटरी? गुन्ह्याला चिथावणी देणाराही आरोपी होतो. म्हणून गार्डनं 112 ला फोन केल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहावी, तशीच वरून कुणाचा फोन आला, किती वाजता आणि काय सांगितलं, हेही लिहून ठेवावं.