हिऱ्यातली खोट आणि एकेकटा फोटॉन

बेंगळुरूच्या बनशंकरीतून बोलतोय. आजचा विषय हिरा आहे, पण दागिन्यातला नव्हे.

फौजेत एक गोष्ट पक्की शिकलो. संदेश फुटला की माणसं जातात. फुटल्याचं कळलंच नाही तर जास्त जातात. १९८४ मध्ये बेनेट आणि ब्रासार यांनी यावर उपाय सुचवला. गुप्त संदेशाच्या किल्लीचा एकेक अंक प्रकाशाच्या एकेका कणावर, म्हणजे फोटॉनवर बसवून पाठवायचा. अनोळखी फोटॉनची हुबेहूब नक्कल काढता येत नाही. मधे कुणी तो तपासला तर चुका वाढतात आणि चोरी उघडी पडते.

अडचण अशी, की साधा लेसर कितीही मंद केला तरी कधीतरी एका झोतात दोन फोटॉन निघतात. शत्रू एक ठेवून घेतो, दुसरा पुढे सोडतो. आज त्यावर मधेमधे फसवे झोत पाठवण्याची युक्ती वापरतात. पण मुळात एका वेळी एकच फोटॉन देणारा दिवा मिळाला तर?

इथे हिरा येतो. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी. तिच्यात एका जागी नायट्रोजन बसला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, तर त्या जोडीला एनव्ही सेंटर म्हणतात. त्यावर हिरवा लेसर टाकला की साधारण १२ नॅनोसेकंदांत एक तांबडा फोटॉन सुटतो. ठासणीच्या बंदुकीसारखं आहे हे: पुन्हा ठासल्याशिवाय दुसरा बार नाही.

तपासायचं कसं? अर्धा प्रकाश आरपार सोडणारा आरसा घ्यायचा आणि दोन वाटांवर दोन डिटेक्टर लावायचे. फोटॉन एकच असेल तर दोन्ही एकदम वाजत नाहीत. २००० साली एनव्ही सेंटरवर हे दाखवलं गेलं, तेही खोलीच्या तापमानाला.

या शहराचं हिऱ्याच्या चमकेशी नातं जुनं आहे. १९४० च्या दशकात इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली ॲना मणी यांनी तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट टिपले. एकेका छायाचित्राला १५-२० तास लागत. पुढे त्या पुण्याला हवामान खात्यात गेल्या.

मग घोडं कुठे अडलंय? हिऱ्याचा अपवर्तनांक २.४ आहे, त्यामुळे बराचसा प्रकाश आतच अडकतो. नेमक्या ६३७ नॅनोमीटरवर जेमतेम ३-४ टक्के फोटॉन येतात. तांबडा प्रकाश फायबरमध्येही लवकर विरतो.

म्हणून, कुणी ‘न फुटणारं’ क्वांटम यंत्र दाखवलं, तर आधी विचारा: एका झोतात फोटॉन किती?

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.