दोरा संपेल तिथे शाल पूर्ण! क्रोशाच्या तिरक्या शालीचे सोपे गणित

क्रोशाची शाल अर्ध्यावर असताना दोरा संपला तर काय? एका टोकापासून सुरू होणाऱ्या जाळीदार तिरक्या शालीत हा प्रश्न कसा सुटतो, ती विणायची कशी आणि विकायची झाल्यास किंमत कशी ठरवायची, याविषयी...

हेदवी (ता. गुहागर) : दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल, बाळंतविड्यातले टोपडे... क्रोशाची सुई कोकणातल्या घरांना नवी नाही. या वस्तू लहान असल्याने दोऱ्याचा अंदाज चुकला तरी फारसे बिघडत नाही. शालीचे तसे नसते. हेदवीसारख्या किनाऱ्यावरच्या गावातून मोठी बाजारपेठ गाठायची तर चिपळूणपर्यंत जावे लागते. तिथे गेल्यावरही त्याच रंगाचा, त्याच लॉटचा दोरा मिळेलच याची खात्री नसते. वेगळ्या लॉटचा तोच रंगही शालीवर पट्ट्यासारखा उठून दिसतो.

यावर उपाय दोरा जास्त आणून ठेवणे हा नाही. शालीचा आकारच असा निवडायचा की हातात असेल तेवढ्या दोऱ्यात ती पूर्ण व्हावी.

तिरकी शाल म्हणजे कशी?

चौकोनी शालीत सुरुवातीलाच पूर्ण रुंदीची साखळी घालावी लागते. दोरा कमी पडला की शाल आखूड राहते. नेहमीची त्रिकोणी शाल मध्यभागातून दोन्ही बाजूंना सारखी वाढते. तिरकी शाल मात्र एका टोकाला तीन टाक्यांनी सुरू होते. तिची एक कड सरळ ठेवायची आणि वाढ फक्त दुसऱ्या कडेला करायची. त्यामुळे तिन्ही बाजू वेगवेगळ्या लांबीचा त्रिकोण तयार होतो.

याचा फायदा असा की कोणत्याही ओळीवर थांबले तरी आकार पूर्णच असतो. अंगावर घेतानाही लांब टोक गळ्याभोवती फिरवून खांद्यावर टाकता येते आणि पिनेची गरज पडत नाही.

कोकणात दोरा कोणता?

दमट हवेत जाड लोकरीची शाल वर्षातले फारच थोडे दिवस वापरली जाते. पावसाळ्यात कपाटात ओल धरते ती वेगळीच. त्यामुळे इथे सुती दोरा सोयीचा. तो घाम शोषतो आणि घरी धुता येतो. ओला झाल्यावर मात्र तो जड होतो आणि पागोळ्यांच्या दिवसांत वाळायला वेळ लागतो. ॲक्रिलिक लवकर वाळते, पण उकाड्यात अंगाला नकोसे होते.

तोरणासाठी वापरतो ती बारीक पोलादी सुई इथे चालणार नाही. मध्यम जाडीच्या सुती दोऱ्याला साधारण ४ मिमीची सुई घ्यावी. दोऱ्याच्या वेष्टनावर सुचवलेल्या आकारापेक्षा एक नंबर मोठी सुई घेतली तर जाळी मोकळी येते आणि शाल अंगावर छान पडते.

विणायची कशी?

सुरुवात : ४ साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत २ खांब घाला. सुटलेल्या ३ साखळ्या हा एक खांब धरायचा. एकूण ३ खांब झाले.

वाढीची ओळ : काम उलटवा. ३ साखळ्या घाला आणि त्या जिथून निघाल्या त्याच टाक्यात आणखी २ खांब घाला. पुढे प्रत्येक टाक्यात १ खांब. आता एकूण ५.

साधी ओळ : काम उलटवा. ३ साखळ्या घाला, पहिला टाका सोडा, पुढच्या प्रत्येक टाक्यात १ खांब घाला. शेवटचा खांब मागच्या ओळीच्या ३ साखळ्यांच्या माथ्यावर यायला हवा. एकूण ५ च.

या दोन ओळी आलटून पालटून घालत राहायचे. संख्या ३, ५, ५, ७, ७, ९, ९ अशी वाढत जाते. ती नेहमी विषम असते. सम आली तर कुठेतरी टाका सुटला आहे किंवा जास्त पडला आहे, हे लगेच कळते.

जाळीची ओळ : ‘प्रत्येक टाक्यात १ खांब’ याऐवजी ‘१ साखळी, एक टाका सोडून पुढच्यात १ खांब’ असे घाला. कडेची वाढ आधीसारखीच. संख्या विषम असल्यामुळे ओळ बरोबर खांबावर संपते. जाळीवर भरीव ओळ घालताना प्रत्येक खांबावर एक आणि प्रत्येक साखळीच्या जागेत एक खांब घालायचा. ४ ओळी भरीव आणि २ ओळी जाळीच्या, असा क्रम ठेवला तर शाल हलकीही होते आणि आकारही धरून ठेवते.

अर्ध्या ओळी, पण पाव दोरा!

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा शाल १४० ओळींची आहे. एका टाक्याची रुंदी अर्धा सेमी आणि ओळीची उंची १ सेमी धरली, तर सरळ कड १४० सेमी, शेवटची ओळ ७० सेमी आणि तिरकी कड सुमारे १५५ सेमी होते. अशा शालीत साधारण १० हजार टाके बसतात.

पण ७० ओळी झाल्या म्हणजे अर्धी शाल झाली असे नाही. तोपर्यंत फक्त अडीच हजारांच्या आसपास टाके झालेले असतात, म्हणजे पाव दोरा. अर्धा दोरा संपतो तो थेट ९९व्या ओळीच्या आसपास. ओळी दुप्पट झाल्या की दोरा चौपट लागतो, हे लक्षात ठेवले तरी पुरे. त्यामुळे सुरुवातीला भराभर वाढणारी शाल नंतर रेंगाळल्यासारखी वाटते. हात मंदावलेला नसतो, ओळ लांब झालेली असते.

तीन रंगांचे सारख्या वजनाचे गुंडे वापरायचे असतील तरी हेच गणित उपयोगी पडते. पहिला रंग ८१ ओळी पुरतो, दुसरा ३३ आणि तिसरा जेमतेम २६. पट्टे सारखे हवे असतील तर शेवटच्या रंगाचा दोरा सर्वात जास्त घ्या.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा इथे फार कामाचा. एक ओळ घालण्याआधी आणि नंतर गुंडा तोला. २०० ग्रॅम दोऱ्याच्या शालीत शेवटच्या ओळीला सुमारे ३ ग्रॅम लागतात. कडेने मुक्या खांबांची एक फेरी घालायची असेल तर १० ते १२ ग्रॅम आधीच बाजूला काढून ठेवा.

व्हिडिओ पाहताना सावध

मोबाइलवरच्या व्हिडिओत सगळ्यात जास्त घोटाळा नावांचा होतो. अमेरिकी पद्धतीत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत ‘डबल क्रोशे’ म्हणतात. तो आपला मुका खांब. अमेरिकी ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’, आणि तो आपला खांब. मुका खांब खांबाच्या जवळपास निम्म्या उंचीचा असतो. त्यामुळे नाव ऐकून विणले तर शालीचा आकार पार बदलू शकतो. नावाकडे नाही, सुईवर दोरा किती वेळा घेतला याकडे पाहा. खांबासाठी टाक्यात सुई घालण्याआधी एक वेढा घेतात, मुक्या खांबासाठी घेत नाहीत.

शेवटी पाणी आणि टाचण्या

सुईवरून उतरलेली शाल आखडलेली दिसते, जाळी उघडत नाही. सुती शाल साध्या पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा, सतरंजीवर पसरून तिन्ही कोपरे ताणा आणि गंज न धरणाऱ्या टाचण्या लावा. पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका. जास्त उष्णतेने दोरा कायमचा लोळागोळा होतो.

किंमत किती सांगायची?

दशभुज गणेशाचे दर्शन आणि बामणघळ पाहायला हेदवीत पर्यटक येतात. त्यांना शाल विकायचा विचार असेल तर आधी वेळ मोजा. मिनिटाला १२ टाके धरले तर १० हजार टाक्यांना सुमारे १४ तास लागतात. ताणणे, टोके लपवणे यांचा आणखी एक तास. ताशी फक्त ५० रुपये धरले तरी मजुरी ७५० रुपये होते. दोऱ्याचा खर्च वेगळा. ‘फावल्या वेळात केली’ म्हणून ती ४०० रुपयांना दिली, तर दोऱ्याचे पैसे वजा जाता हाती फारसे काही उरत नाही.

आंध्र प्रदेशातल्या नरसापूरचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिथल्या क्रोशाच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या कितीतरी आधी, १९८२ मध्ये, जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या स्त्रियांवर पुस्तक लिहिले होते. परदेशात जाणारी लेस विणणाऱ्या या स्त्रियांना कामगार नव्हे तर गृहिणी धरले जाई. काम फावल्या वेळेचे ठरले की मोबदलाही त्याच मापाने मिळतो, हे त्यातून पुढे आले.

कापडाच्या कारखान्यात क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते. पण खरा क्रोशाचा टाका आजही हातानेच घातला जातो. म्हणून पहिल्या ओळीपासून वहीत तीन गोष्टी लिहा : ओळीचा क्रमांक, गुंड्याचे वजन आणि लागलेला वेळ. दोरा कुठे संपणार हे या वहीत दिसेल आणि गिऱ्हाइकाला किंमत सांगताना आधारही तिचाच होईल.